डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरी: दहावी, डिप्लोमा, बीई. मधली बारावीच नाही. शिक्षणाची अट पूर्ण होते का?

कोकमसार | ६ ऑक्टोबर २०२४

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरीचे (ग्रीन कार्डाची सोडत, यंदाची डीव्ही-२०२६) अर्ज २ तारखेपासून घेतायत. मुदत ७ नोव्हेंबर, वॉशिंग्टनच्या घड्याळात दुपारी बारा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. एका जोडप्यासाठी विचारतोय. दोघांचंही शिक्षण आडवळणाने झालेलं आहे.

नवरा: जन्म रत्नागिरीचा. २००६ ला राज्य मंडळाची दहावी, मग शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि २०१२ ला बीई. अकरावी-बारावी केलेलीच नाही.

बायको: जन्म मस्कतचा, आईवडील दोघेही भारतीय. दहावी तिथल्या सीबीएसई शाळेतून, बारावी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची), बीए मुक्त विद्यापीठातून घरबसल्या.

नियमात 'हायस्कूल किंवा समकक्ष' एवढंच लिहिलंय. बारावीचं गुणपत्रकच नसलेल्या इंजिनिअरला ते हायस्कूल पूर्ण धरतात का? आणि एनआयओएसची बारावी चालते का? मुख्य अर्जदार कोणाला करायचं ते यावर ठरेल. "भरून टाका, लागली तर लागली" हे उत्तर कृपया नको.

झेड_ब्रिज | ६ ऑक्टोबर २०२४

भारत यादीतच नाही हो. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून कुटुंब आणि नोकरीच्या कोट्यातून पन्नास हजारांहून जास्त लोक गेले तो देश बाद. आपण कायमचे बाद. धागा इथेच संपतो.

नियमावली | ६ ऑक्टोबर २०२४

संपत नाही. इथे देश म्हणजे जन्माचा देश. पासपोर्ट कुठला, राहता कुठे, याला किंमत नाही. ती मस्कतला जन्मली म्हणजे तिचा देश ओमान, आणि ओमान यादीत आहे. आईवडील भारतीय असल्याने तिचं काही बिघडत नाही. कुवेत, बहारीन, दुबई, दोहा इथे जन्मलेल्या सगळ्या मराठी, कोकणी मुलांना हेच लागू. नेपाळमध्ये जन्मलेल्यांनाही.

आता महत्त्वाचं. नवऱ्याचा जन्म रत्नागिरीचा असला तरी तो स्वतः मुख्य अर्जदार होऊ शकतो, बायकोच्या जन्मदेशावर. फॉर्मवर जन्मदेशाच्या खाली पात्रतेचा देश वेगळा विचारतात, तिथे ओमान लिहायचा आणि कारण म्हणून जोडीदाराचा जन्म. अट एवढीच की अर्ज भरताना लग्न झालेलं हवं, दोघांची नावं त्याच अर्जात हवीत, दोघांना व्हिसा एकत्र मिळायला हवा आणि अमेरिकेत प्रवेशही एकत्रच करायला हवा.

शिक्षणाची अट मात्र फक्त मुख्य अर्जदाराला. सोबत येणारी बायको किंवा नवरा चौथी पास असला तरी कोणी विचारत नाही. त्यामुळे देश एकाचा आणि शिक्षण दुसऱ्याचं, असं जोडून चालतं. ओमान तिचा, बीई त्याची. कोकमसार, तुमच्या जोडप्याचं कोडं इथेच बरंचसं सुटतं.

हापूसप्रेमी | ६ ऑक्टोबर २०२४

सासुरवाडी मस्कतची असण्याचा हा फायदा आजवर कोणी सांगितला नव्हता. स्थळं बघणाऱ्यांनी वाचनखूण साठवा.

लांबउडी | ७ ऑक्टोबर २०२४

नियमावलींचं पहिलं सगळं मान्य. पण "सुटतं" म्हणायची घाई झाली. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या व्याख्येत दोनच प्रकार आहेत: अमेरिकेतलं बारा वर्षांचं प्राथमिक-माध्यमिक शिक्षण पूर्ण, किंवा दुसऱ्या देशातलं त्याच्या तोडीचं औपचारिक शालेय शिक्षण पूर्ण. 'औपचारिक' आणि 'पूर्ण' या दोन्हींवर ते अडतात. व्यवसाय शिक्षण त्यात धरत नाहीत. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा हा खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेत व्यवसाय शिक्षणच ठरू शकतो. मग उरते दहावी, म्हणजे दहा वर्षं. आपल्याकडे भरतीच्या जाहिरातीत 'बारावी किंवा समकक्ष' असलं की डिप्लोमा चालून जातो, म्हणून लोक गृहीत धरतात. आपली समकक्षता आपल्यापुरती. त्यांच्या खिडकीत ती बांधील नाही.

नियमावली | ७ ऑक्टोबर २०२४

नुसता डिप्लोमा असता तर तुमच्याशी वाद घातला नसता, अर्ज भरू नका म्हणालो असतो. पण इथे वर बीई आहे, पूर्णवेळ, विद्यापीठाची. शिक्षणाची अट तपासताना मूळ प्रश्न असतो की या माणसाचं शालेय शिक्षण महाविद्यालयात प्रवेश घ्यायला पुरेसं होतं का. विद्यापीठाने प्रवेश दिला, पदवीही दिली, यापेक्षा सरळ उत्तर कुठलं?

फक्त ते उत्तर कागदावर दिसलं पाहिजे, आणि डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचा घोळ नेमका तिथे होतो. बीईची गुणपत्रकं दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. ज्याला आपली पद्धत माहीत नाही त्याला दिसतं असं: दहा वर्षं शाळा, पुढचं काही नाही, मग तीन वर्षांची अर्धवट वाटणारी पदवी. म्हणून फाइल अशी लावा: दहावीचं प्रमाणपत्र, डिप्लोमाच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, तंत्र शिक्षण मंडळाचं डिप्लोमाचं प्रमाणपत्र, थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं कॅप राउंडचं (केंद्रीय प्रवेश फेरीचं) पत्र (बहुतेकांनी फेकून दिलेलं असतं), बीईची सगळी गुणपत्रकं, पदवी. वर कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळींचं इंग्रजी पत्र: अमुक विद्यार्थ्याने तीन वर्षांची पदविका पूर्ण केल्यावर शासनाच्या नियमाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला, शिक्षण पूर्णवेळ आणि नियमित होतं. रजिस्ट्रारची सही, शिक्का, जावक क्रमांक. कॉलेजला हे पत्र नवं नसतं, परदेशी एमएससाठी जाणारी मुलं मागतच असतात.

लांबउडी | ७ ऑक्टोबर २०२४

पत्राची कल्पना चांगली आहे. तरी धोका शून्य नाही एवढं धागाकर्त्याने ध्यानात ठेवावं. निर्णय त्या एका अधिकाऱ्याचा, त्यावर अपील नाही, आणि शिक्षणाच्या अटीला सूटही नाही. मुलाखतीची फी माणशी ३३० डॉलर, नकार आला तर परत मिळत नाही. नवरा, बायको, एक मूल म्हणजे ९९० डॉलर. वैद्यकीय तपासणी, लसी आणि प्रवास वेगळा.

तिरफळ | ७ ऑक्टोबर २०२४

एनआयओएसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

त्यांच्या सूचनांत स्पष्ट आहे: फक्त औपचारिक अभ्यासक्रम. पत्राद्वारे शिक्षण आणि जीईडीसारखी समकक्षता प्रमाणपत्रं चालत नाहीत. एनआयओएस हे केंद्र सरकारचं मंडळ आहे, तिथली बारावी देशभर कॉलेज प्रवेशाला चालते, नीटलाही चालते. पण ते मुक्त शिक्षण आहे, शाळेत रोज हजेरी नाही. अधिकाऱ्याने 'मंडळाची परीक्षा' म्हणून बघितलं तर पास, 'दूरस्थ' म्हणून बघितलं तर नापास. वरची बीएसुद्धा मुक्त विद्यापीठाची, त्यामुळे नवऱ्याच्या बीईसारखा टेकू इथे मिळत नाही. उलट दोन्ही पायऱ्या दूरस्थ दिसतात.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बारावीशिवाय बीए केलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. तिथे शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा एकही कागद नसतो.

१७ नंबर फॉर्मवाले मधे लोंबकळतात. बाहेरून बसून राज्य मंडळाची बारावी पास झालेल्याची परीक्षा, पेपर, मंडळ सगळं नियमित मुलांसारखंच. पण शाळेत कुठपर्यंत बसलात हे विचारलं की नववीत शाळा सुटलेल्याला अडचण येते. अकरावी कॉलेजात केली, आजारपणाने बारावी बाहेरून दिली, असं असेल तर अकरावीचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला जरूर सोबत न्यावा.

झेड_ब्रिज | ७ ऑक्टोबर २०२४

मग बायकोच्या नावाने पण वेगळा अर्ज टाकायचा की. फुकट आहे. नवरा-बायको दोघांनी स्वतंत्र अर्ज केले तर संधी दुप्पट, हे तरी खरं ना?

नियमावली | ७ ऑक्टोबर २०२४

दोघे पात्र असतील तर खरं, आणि कायदेशीरही. प्रत्येकाचा एकच अर्ज, एकाने दोन भरले की दोन्ही बाद. पण नवऱ्याच्या अर्जात बायको आणि बायकोच्या अर्जात नवरा, असं चालतं.

मात्र ज्याचा अर्ज लागला तोच मुख्य अर्जदार राहतो. "तिचा लागला, पण शिक्षण माझं बघा" असं नंतर करता येत नाही. अदलाबदल नाही म्हणजे नाही. सूचनांतच लिहिलंय की अट पूर्ण नसेल तर अर्ज करू नका. माझं मत विचाराल तर तिचा अर्ज भरू नये. लागला तर मोह आवरत नाही, हजार डॉलर जातात आणि व्हिसा नाकारल्याची नोंद पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहीत बसावी लागते.

हापूसप्रेमी | ७ ऑक्टोबर २०२४

शिवाय "तुझं शिक्षण चालत नाही म्हणे" हे बायकोला सांगणार कोण? त्यासाठी अर्ज पुरुष सभासदांनी करावा.

तिरफळ | ७ ऑक्टोबर २०२४

सांगा हो निर्धास्त. ओमान तिचा आहे, तिच्याविना नवऱ्याचा अर्जच उभा राहत नाही. तिला हे आधी सांगितलं की संपलं.

वायव्य | ८ ऑक्टोबर २०२४

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी भर घालतो, कारण भारतीयांची नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची (ईबी-२, ईबी-३) रांग बघता गल्फमध्ये जन्मलेला जोडीदार हा इथे बराच चर्चेचा विषय आहे.

अर्ज लागला तर इथे राहूनच स्टेटस बदलून ग्रीन कार्ड घेता येतं, फॉर्म आय-४८५. डीव्हीची ३३० डॉलरची फी अशा वेळी मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेकने सेंट लुइसला टपालाने पाठवायची असते, आणि आय-४८५ ची फी वेगळी. शिक्षणाची अट तीच, फक्त तपासणारा दूतावासातला अधिकारी नसून यूएससीआयएस या अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याचा. बारावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र दोन्हीच्या प्रती पहिल्याच पाकिटात घाला. नुसती एमएसची पदवी जोडून भागेल असं लोकांना वाटतं, मग पुराव्याची मागणी येते आणि त्यात महिने जातात. डीव्हीत वेळ हेच भांडवल. ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपलं की नंबर लागलेला असो, मुलाखत झालेली असो, सगळं रद्द. बाकीच्या ग्रीन कार्ड अर्जांसारखं "होईल सावकाश" इथे नाही.

पदवीचं मूल्यमापन करून देणाऱ्या संस्थांचा अहवाल कोणी मागत नाही. जोडला तर हरकत नाही, पण तो अधिकाऱ्याला बांधील नसतो.

पोर्टलुईकर | ८ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. मॉरिशसमधून वाचतो. आमचा देश आफ्रिका विभागात, यादीत आहे. इथल्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमी येतो की एससी चालते की एचएससीच पाहिजे. एससी म्हणजे अकरा वर्षांनंतरची केंब्रिजची परीक्षा, एचएससी तेराव्या वर्षाची. बारा वर्षांवर आमच्याकडे परीक्षाच नाही! मग काय धरणार?

लांबउडी | ८ ऑक्टोबर २०२४

अकरा म्हणजे अकरा. बारापेक्षा कमी. एचएससी असेल तरच भरा.

नियमावली | ८ ऑक्टोबर २०२४

इतकं यांत्रिक नाही ते. रशियात, उझबेकिस्तानात शाळा अकरा इयत्तांचीच असते. तिथून दरवर्षी हजारो लोक डीव्हीवर जातात, कारण अकरावीनंतर मिळणारं प्रमाणपत्र ही त्या देशातली संपूर्ण माध्यमिक शाळा आहे आणि त्यावर थेट विद्यापीठात जाता येतं. वर्षं मोजण्यापेक्षा त्या देशातली शालेय शिडी संपली का, हे बघतात.

मॉरिशसची शिडी एससीला संपत नाही, पुढे एचएससी आहे आणि विद्यापीठाचा दरवाजा तिथे उघडतो. म्हणून उत्तर लांबउडींचंच बरोबर, कारण वेगळं. हाच निकष आपल्याला लावा: दहावीला शिडी संपत नाही. नेपाळमध्ये एसईईला (तिथली दहावी) संपत नाही, दहा अधिक दोन लागतं. १९७५ च्या आधीची आपली जुनी अकरावीची मॅट्रिक असलेले कोणी आजोबा अर्ज करणार असतील तर त्यांच्यावर वेगळा धागा काढू.

हापूसप्रेमी | ८ ऑक्टोबर २०२४

आजोबा म्हणतील आमची मॅट्रिक तुमच्या एमएसच्या तोडीची.

पोर्टलुईकर | ८ ऑक्टोबर २०२४

समजलं, आभारी आहे. एचएससीत एखादा विषय राहिला असेल तर?

नियमावली | ८ ऑक्टोबर २०२४

'यशस्वीरीत्या पूर्ण' हा निकष. प्रमाणपत्र मिळालं नसेल तर पूर्ण नाही. आपल्याकडेही बारावी नापास म्हणजे अट अपूर्ण, मग टक्के कितीही असोत. पुरवणी परीक्षेत विषय सुटला असेल तर मात्र काही अडचण नाही. किती प्रयत्नांत पास झालात हे बघत नाहीत. फक्त सगळ्या प्रयत्नांची गुणपत्रकं सोबत ठेवा, नाहीतर पास झाल्याच्या कागदावर तीनच विषयांचे गुण बघून अधिकारी बुचकळ्यात पडतो.

पन्हाळा_एक्सप्रेस | ११ ऑक्टोबर २०२४

माझ्या माहितीतला एक जण बहारीनला जन्मलेला, इथे दहावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन, आता बारा वर्षांचा अनुभव. दुसरी अट अनुभवाची आहे ना? दोन वर्षांचा अनुभव पुरतो असं वाचलं.

वायव्य | ११ ऑक्टोबर २०२४

अर्धंच वाचलंत. अनुभव दोन वर्षांचा, तोही मागच्या पाच वर्षांतला, पण अशा व्यवसायातला ज्यासाठी किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. आणि तो व्यवसाय कोणता हे ठरवतं अमेरिकन कामगार खात्याचं ओ-नेट ऑनलाइन.

साइटवर जाऊन व्यवसायाचं नाव शोधा, सारांश अहवाल उघडा, त्यात जॉब झोन हा भाग बघा. तिथे झोनचा आकडा आणि खाली एसव्हीपी नावाची पट्टी असते (व्यवसाय शिकायला किती काळ लागतो त्याचं माप). डीव्हीला झोन ४ किंवा ५ आणि एसव्हीपी ७.० किंवा वर लागतो. इलेक्ट्रिशियन झोन ३ मध्ये आहे, त्याची पट्टी ६.० पासून ७.० च्या आत. म्हणजे नाही. बारा वर्षं असोत की तीस, व्यवसायच खालच्या झोनचा.

अन्यायच आहे हा, कारण झोन ४ चे बहुतेक व्यवसाय पदवीवाल्यांचे: अकाउंटंट, सॉफ्टवेअर डेव्हलपर. ज्याच्याकडे पदवी आहे त्याला अनुभवाचं दार लागतच नाही. फायदा होतो तो थोड्यांना, उदाहरणार्थ दहावी करून हाताने काम शिकलेला ग्राफिक डिझायनर. तो झोन ४ मध्ये येतो.

पन्हाळा_एक्सप्रेस | ११ ऑक्टोबर २०२४

इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून पत्र आणलं तर? कंपनीचा मालक देईल.

वायव्य | ११ ऑक्टोबर २०२४

देईलही. मग मुलाखतीत विचारतील दिवसभर काय काम करता, पगार किती, हाताखाली कोण. पगारपत्रक, फॉर्म १६, पीएफचा उतारा यांवर पद काय ते बघतील. खोटं पकडलं तर नुसता हा व्हिसा जात नाही, खोटी माहिती दिल्याबद्दल अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. टुरिस्ट व्हिसासुद्धा.

तिरफळ | ११ ऑक्टोबर २०२४

त्याच्यासाठी रस्ता आहे, पण लांबचा. आयटीआयवर भाषा विषय देऊन बारावी समकक्षता मिळते ती इथे कामाची नाही, कारण समकक्षताच नको आहे त्यांना. नियमित ज्युनिअर कॉलेजात किंवा रात्रशाळेत अकरावी-बारावी करावी. रात्रशाळा ही शाळाच आहे, हजेरीपट असतो, दाखला मिळतो. दोन वर्षांनी अर्ज करावा. वयाची कमाल मर्यादा डीव्हीला नाही.

झेड_ब्रिज | १२ ऑक्टोबर २०२४

अवांतर: आमच्याकडे एक एजंट "डीव्हीसाठी बारावी इक्विव्हॅलन्स" १८ हजारांत करून देतो म्हणे. लॅमिनेट करून. 😀

नियमावली | १२ ऑक्टोबर २०२४

लॅमिनेशनचे पैसे वाजवी असतील, बाकीचे बुडाले समजा. अर्ज भरायलाही एजंट नको. अर्ज खात्याच्या साइटवर अर्ध्या तासात होतो (६० मिनिटांनी सत्र बंद पडतं). एजंट आपला ईमेल घालतो, पुष्टीक्रमांक स्वतःकडे ठेवतो आणि नंबर लागला की त्या क्रमांकासाठी पैसे मागतो. पुष्टीक्रमांकाच्या पानाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये हवा. निकाल फक्त त्या क्रमांकाने साइटवर दिसतो, अभिनंदनाचा ईमेल कोणालाही येत नाही. आला तर तो चोराचा.

कोकमसार | १३ ऑक्टोबर २०२४

सगळ्यांचे आभार. नवरा मुख्य अर्जदार, पात्रतेचा देश ओमान, हे पक्कं. फॉर्ममध्ये शिक्षणाच्या प्रश्नाला दहा पर्याय आहेत. त्यातलं काय निवडायचं? आणि नावांचा गोंधळ आहे: दहावीवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र एका रकान्यात, पदवीवर आईचंही नाव.

नियमावली | १३ ऑक्टोबर २०२४

'युनिव्हर्सिटी डिग्री', म्हणजे सहावा पर्याय. तिसरा 'हायस्कूल डिप्लोमा' आहे, तो बघून आपले डिप्लोमावाले तिथे टिचकी मारतात. तो म्हणजे शाळा पास. चौथा 'व्होकेशनल स्कूल', तो निवडलात तर लांबउडींची शंका स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं. आजच्या तारखेला पूर्ण झालेलं सर्वोच्च शिक्षण विचारलंय, ते बीई.

पुढे नंबर लागला तर डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरताना प्रत्येक संस्था वेगळी लिहायची: माध्यमिक शाळा, तंत्रनिकेतन, इंजिनिअरिंग कॉलेज, प्रत्येकाच्या तारखांसह. तंत्रनिकेतनापुढे 'एचएससी' लिहू नका. नसलेली बारावी कुठेही दिसता कामा नये. जे आहे ते सलग दिसलं की पुरे, तारखांत भोक नको.

तिरफळ | १३ ऑक्टोबर २०२४

नावांचं: अर्जात पासपोर्टप्रमाणे. गुणपत्रकांवर आडनाव आधी असणं हे राज्य मंडळाचं नेहमीचं, त्याला कोणी आक्षेप घेत नाही. अडतं ते स्पेलिंगला. दहावीवर 'व्ही', पासपोर्टवर 'डब्ल्यू', असं असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पूर्ण नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. बायकांच्या बाबतीत लग्नाचा दाखला पुरतो.

दहावीचं प्रमाणपत्र विसरू नका, पदवी असली तरी. जन्मतारीख त्यावर असते.

मूळ कागद हरवले असतील तर आत्ताच विभागीय मंडळात दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. गोव्याचे असाल तर पर्वरीला. डिजिलॉकरची प्रत तात्पुरती ठीक, पण मुलाखतीत मूळ कागद मागतात. मराठीतल्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतरकाराचं 'दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं सहीचं निवेदन. मस्कतचा जन्मदाखला अरबीत असेल तर त्याचंही तेच. आणि तो दाखला आधी शोधा! सगळा अर्ज त्यावर उभा आहे.

लांबउडी | १३ ऑक्टोबर २०२४

फोटोचं सांगा त्यांना. बीई राहील बाजूला, फोटोवर बाद व्हायचे.

वायव्य | १३ ऑक्टोबर २०२४

६०० बाय ६०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, पांढरी किंवा पांढुरकी पार्श्वभूमी, चष्मा नाही, सहा महिन्यांच्या आतला. गेल्या वर्षीच्या अर्जातला तोच फोटो पुन्हा लावला तर अर्ज बाद होऊ शकतो. नवरा, बायको आणि २१ वर्षांखालचं प्रत्येक अविवाहित मूल, सगळ्यांचे. सोबत येणार नसलेलं मूलही लिहावंच लागतं, वगळलं तर पुढे सगळ्या कुटुंबाचा व्हिसा जातो.

कोकमसार | २ नोव्हेंबर २०२४

अर्ज भरला गेला. कॅप राउंडचं पत्र सापडलं नाही, पण कॉलेजने प्रवेश नोंदवहीचा साक्षांकित उतारा दिलाय, शिक्षण 'पूर्णवेळ' असा उल्लेख आहे. तेवढं पुरेल का?

नियमावली | २ नोव्हेंबर २०२४

पुरावं. उताऱ्यावर प्रवेशाचा आधार म्हणून पदविकेचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर ते चार ओळींचं पत्र अजूनही घ्या, मे महिन्यातल्या निकालापर्यंत वेळ आहे. निवड व्हिसांच्या दुपटीहून जास्त लोकांची होते, त्यामुळे नंबर लागला तरी विभागातला आपला क्रमांक मोठा असेल तर मुलाखत येईलच असं नाही. परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आशियाचा आकडा दर महिन्याला बघत राहायचं. मुलाखतीचं पत्र येईपर्यंत ३३० डॉलर भरायचे नसतात.

भरतीओहोटी | ९ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय, शोधात हाच पहिला येतो आणि लोक २०२४ ची माहिती आजची समजून वाचतायत. वर झेड_ब्रिज 'फुकट आहे' म्हणाले ते आता नाही. ऑक्टोबर २०२५ पासून अर्जालाच एक डॉलर फी आहे. डीव्ही-२०२७ चे अर्ज नेहमीप्रमाणे ऑक्टोबरात उघडले नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हा कार्यक्रम थांबवत असल्याची घोषणाही केली. "आमच्याकडे डीव्ही-२०२७ ची आगाऊ नोंदणी चालू" असे जे मेसेज फिरतायत ते सगळे पैसे काढणाऱ्यांचे आहेत, अशी आगाऊ नोंदणी कधीच नसते.

शिक्षणाची अट मात्र १९९० च्या कायद्यातच लिहिलेली आहे, ती खात्याच्या सूचनेने बदलत नाही. ज्यांची बारावी अडली आहे त्यांनी हा काळ अकरावीच्या प्रवेशाला वापरावा.

पन्हाळा_एक्सप्रेस | ९ जानेवारी २०२६

तो बहारीनवाला इलेक्ट्रिशियन रात्रशाळेत बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड. विचारतोय, निकालाचं ऑनलाइन पान चालेल की मंडळाचं प्रमाणपत्र येईपर्यंत थांबायचं?

तिरफळ | १० जानेवारी २०२६

अर्जाला शिक्षणाचा कुठलाच कागद जोडायचा नसतो, त्यामुळे निकाल लागल्यावर पर्याय निवडायला हरकत नाही. मुलाखतीला मात्र छापील गुणपत्रक आणि प्रमाणपत्र दोन्ही हवीत. शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्यायला सांगा, आणि त्यावर रात्रशाळेचं नाव आणि प्रवेशाची तारीख बरोबर लिहिली आहे का ते तिथेच वाचून घ्यावं.